पोप जॉन तेविसावे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोप जॉन तेविसावे यांचा विषय निघाला की दोन गोष्टी हमखास ऐकू येतात. एक, ते फार प्रेमळ होते. दुसरी, त्यांनी दुसरी व्हॅटिकन परिषद, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांची सभा, बोलावली. दोन्ही खरेच आहे. पण पोप होण्याआधी त्यांनी चोपन्न वर्षे धर्मगुरू म्हणून काढली आणि त्यातली बरीचशी रोमपासून दूर, कुणाचे लक्ष नसलेल्या जागी. त्या वर्षांकडे फारसे कुणी वळत नाही. माझ्या मते परिषदेचे मूळ तिथेच आहे, म्हणून खालची उत्तरे त्या काळात जास्त रेंगाळतात.

थोडक्यात, हे पोप कोण?

मूळ नाव अँजेलो ज्युसेप्पे रोंकाल्ली. जन्म २५ नोव्हेंबर १८८१, उत्तर इटलीतल्या बेर्गामोजवळच्या सोत्तो इल मोंते या गावी. २८ ऑक्टोबर १९५८ रोजी पोप म्हणून निवड झाली आणि ३ जून १९६३ रोजी निधन झाले. म्हणजे पोपपद जेमतेम साडेचार वर्षे. २०१४ मध्ये त्यांना संत घोषित करण्यात आले.

ते खरोखर शेतकऱ्याच्या घरचे होते का?

होय, आणि तेही दुसऱ्याची जमीन अर्धलीने कसणाऱ्या शेतकऱ्याच्या. वडील जोव्हान्नी बात्तिस्ता, आई मारियान्ना. भावंडे डझनभराहून जास्त, चुलत कुटुंबे एकाच छपराखाली, त्यामुळे घरात तीसएक माणसांचा राबता असे. ताटात बहुतेक वेळा पोलेंटा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला प्रकार. अविवाहित चुलत आजोबा झावेरिओ यांनी बाप्तिस्म्याच्या वेळी छोट्या अँजेलोचे धर्मपिता होण्याची जबाबदारी घेतली आणि प्रार्थनेची गोडीही त्यांनीच लावली.

पुढे मोठ्या पदांवर गेल्यावरही त्यांनी भावांना श्रीमंत केले नाही. पोप झाले तेव्हाही भाऊ शेतीच करत होते. १९५४ मध्ये व्हेनिसमध्ये लिहिलेल्या आध्यात्मिक मृत्युपत्रात त्यांनी म्हटले आहे की आपण गरीब पण सचोटीच्या घरात जन्मलो आणि गरीबच मरतो आहोत याचा आपल्याला विशेष आनंद आहे.

शिक्षण कुठे झाले? ते सैन्यातही होते म्हणतात, ते खरे का?

अकराव्या वर्षाच्या आतच बेर्गामोच्या सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या शाळेत, दाखल झाले. चौदाव्या वर्षापासून आध्यात्मिक रोजनिशी लिहायला लागले, ती जवळजवळ शेवटपर्यंत चालू होती. १९०१ मध्ये शिष्यवृत्तीवर रोमला गेले. मध्येच वर्षभर लष्करी सेवा करावी लागली, तिथून सार्जंट होऊन बाहेर पडले. १० ऑगस्ट १९०४ रोजी रोममध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली.

पहिल्या महायुद्धात १९१५ साली पुन्हा बोलावणे आले. बेर्गामोच्या लष्करी रुग्णालयांत आधी सार्जंट म्हणून आणि मग सैनिकांचे धर्मगुरू म्हणून त्यांनी युद्ध संपेपर्यंत जखमींची सेवा केली. आघाडीवरून आलेली विशी-बाविशीतली शेतकऱ्यांची पोरे त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. पन्नास वर्षांनी शांततेवर लिहिणाऱ्या पोपने युद्ध नकाशावर पाहिले नव्हते, खाटेजवळ बसून पाहिले होते.

त्यांच्यावर सर्वांत जास्त प्रभाव कुणाचा?

बेर्गामोचे बिशप जाकोमो राडिनी-टेडेस्की यांचा, याबद्दल मला शंका वाटत नाही. १९०५ ते १९१४ अशी नऊ वर्षे रोंकाल्ली त्यांचे सचिव होते. १९०९ मध्ये जवळच्या रानिका इथल्या कापड गिरणीत संप झाला तेव्हा या बिशपांनी कामगारांच्या निधीला उघड मदत केली. त्यांच्याविरुद्ध रोमला तक्रारी गेल्या, पण ते मागे हटले नाहीत. तरुण सचिव हे सगळे शेजारी उभा राहून पाहत होता.

याच काळात दुसरी एक गोष्ट घडली, जी चरित्रांमध्ये दोन ओळींत उरकली जाते. बिशपांबरोबर मिलानला गेले असता रोंकाल्लींना तिथल्या दप्तरात जुन्या कागदांचे गठ्ठे सापडले. मिलानचे तेव्हाचे आर्चबिशप संत चार्ल्स बोरोमेओ यांनी १५७५ साली बेर्गामोच्या एकेका चर्चला भेट दिली होती, त्या भेटींचे हे अहवाल. सोळाव्या शतकातल्या ट्रेंट परिषदेचे निर्णय प्रत्यक्ष खेड्यापाड्यांत कसे उतरले, धर्मगुरू कसे राहत होते, शाळा होत्या का, गरिबांच्या निधीचे काय झाले, हे सगळे त्यात होते. रोंकाल्लींनी या कागदांवर पन्नास वर्षे काम केले. पाचवा आणि शेवटचा खंड निघाला तो १९५७ मध्ये, पोप होण्याच्या आदल्या वर्षी. सुरुवातीला त्यांना मदत करणारे मिलानच्या ग्रंथालयातले विद्वान होते अकिले रात्ती, म्हणजे पुढचे पोप पायस अकरावे.

परिषदेने ख्रिस्तसभा कशी बदलते, याचा अभ्यास अर्धशतकभर केलेला माणूस पोपच्या आसनावर बसला होता. पुढचे प्रश्न वाचताना एवढे ध्यानात असू द्यावे.

बल्गेरियाला का पाठवले? ती बढती होती की शिक्षा?

कागदोपत्री बढतीच. १९२१ पासून ते रोममध्ये मिशन कार्यासाठी इटलीभर निधी जमवण्याचे काम पाहत होते. मार्च १९२५ मध्ये त्यांना आर्चबिशप करून बल्गेरियाला व्हॅटिकनचे प्रतिनिधी म्हणून धाडण्यात आले. बोधवाक्य घेतले "आज्ञापालन आणि शांती". देश ऑर्थोडॉक्स, म्हणजे पोपची सत्ता न मानणाऱ्या पूर्वेकडच्या ख्रिस्ती पंथाचा, कॅथलिक मूठभर आणि तेही खेड्यांत विखुरलेले. रोंकाल्ली घोडागाडीतून, कधी खेचरावर बसून त्यांच्यापर्यंत पोचत. १९२८ च्या भूकंपानंतर मदतवाटप करताना त्यांनी ऑर्थोडॉक्स आणि कॅथलिक असा भेद केला नाही.

पण दहा वर्षे म्हणजे दहा वर्षे. रोमकडून पत्रांना उत्तरे येत नसत, सूचनांचा विचार होत नसे. १९२६ च्या नोंदीत त्यांनी लिहिले आहे की आपल्याला होणारा त्रास बल्गेरियन लोकांकडून नाही, तो धर्मसत्तेच्या मध्यवर्ती कार्यालयांकडून आहे, आणि अशा अपमानाची आपण अपेक्षा केली नव्हती. त्यात १९३० मध्ये राजा बोरिस यांनी इटलीच्या कॅथलिक राजकन्येशी असिसीत कॅथलिक पद्धतीने लग्न केले आणि सोफियाला परतल्यावर ऑर्थोडॉक्स विधीही केला. रोम संतापले आणि मधल्या मध्ये सापडले ते रोंकाल्ली. एवढे होऊनही त्यांनी राजाशी बोलणे तोडले नाही. युद्धकाळात याच बोरिसना त्यांनी ज्यूंसाठी पत्र पाठवले.

१९३४ च्या नाताळात निरोपाचे प्रवचन देताना ते म्हणाले, मी जगात कुठेही असलो आणि एखादा बल्गेरियन माणूस माझ्या घरावरून गेला तर त्याला खिडकीत दिवा दिसेल. त्याने दार ठोठवावे. तू कॅथलिक की ऑर्थोडॉक्स असे त्याला विचारले जाणार नाही.

तुर्कस्तानात त्यांनी ज्यूंना वाचवले हे कितपत खरे?

खरे आहे, फक्त आकड्यांच्या बाबतीत जपून बोलावे. १९३५ ते १९४४ ते इस्तंबूलला तुर्कस्तान आणि ग्रीसचे प्रतिनिधी होते. तुर्कस्तान युद्धात तटस्थ होता, त्यामुळे नाझींच्या तावडीतून सुटून पॅलेस्टाइनकडे निघालेल्या ज्यूंची वाट इथूनच जाई. पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंना वसवणाऱ्या ज्यू एजन्सी या संस्थेचे इस्तंबूलमधले प्रतिनिधी हाइम बार्लास त्यांच्याकडे येत. स्थलांतराचे दाखले व्हॅटिकनच्या राजनैतिक टपालातून हंगेरीपर्यंत पोचवणे, स्लोव्हाकिया, बल्गेरिया, रुमेनिया इथल्या सत्ताधाऱ्यांकडे रदबदली करणे अशी कामे त्यांनी केली. त्यातून किती जीव वाचले याचे वेगवेगळे आकडे छापले जातात. मी कोणताही देत नाही. ग्रीसमध्ये १९४१-४२ च्या दुष्काळात लोक रस्त्यांवर मरत होते. ब्रिटिश नाकेबंदीतून धान्य आत यावे म्हणूनही त्यांनी व्हॅटिकनमार्फत प्रयत्न केले.

या दहा वर्षांतली आणखी एक बाब. तुर्की सरकारने सर्वच धर्मांच्या पुरोहितांना रस्त्यात धार्मिक पोशाख घालायला बंदी केली. रोंकाल्लींनी तक्रार न करता कोट-पँट चढवली. वर चर्चमधल्या प्रार्थनेतली काही वाक्ये तुर्की भाषेत म्हणायला लावली. काही भाविक नाराज होऊन निघून गेले. रोजनिशीत त्यांनी तेही नोंदवले आणि आपण समाधानी आहोत असेही लिहिले. ही १९३६ ची गोष्ट आहे. लोकभाषेतल्या मिस्साची, म्हणजे कॅथलिकांच्या मुख्य उपासनेची, जगभर चर्चा सुरू व्हायला अजून पंचवीस-एक वर्षे होती.

पॅरिसची नेमणूक एवढी महत्त्वाची का मानतात?

कारण व्हॅटिकनचे राजदूत म्हणून ती पेटलेल्या घरात पाठवणी होती. डिसेंबर १९४४ मध्ये फ्रान्स नुकता मुक्त झाला होता. जर्मनांशी जुळवून घेणाऱ्या व्हिशी सरकारला साथ दिली असा ठपका अनेक बिशपांवर होता आणि द गॉल यांच्या सरकारला त्यातले बरेच जण पदावरून हटवून हवे होते. रोंकाल्लींनी एकेका बिशपाचे प्रकरण पुराव्यानिशी मागवले, वेळ घेतला, आणि शेवटी राजीनामे झाले ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. फ्रान्समध्ये कैदेत असलेल्या जर्मन सेमिनरी विद्यार्थ्यांसाठी शार्त्रजवळच्या छावणीत अभ्यासाची सोय झाली, तिलाही त्यांनी पाठबळ दिले. कालपर्यंतच्या शत्रूच्या मुलांसाठी हे करणे त्या काळात सोपे नव्हते.

मुंबईशी किंवा गोव्याशी त्यांचा काही संबंध आहे का?

आहे. १२ जानेवारी १९५३ रोजी पोप पायस बारावे यांनी नवे कार्डिनल, म्हणजे पोपची निवड करणारे ज्येष्ठ धर्मगुरू, नेमले, त्यांत पॅरिसचे रोंकाल्ली होते आणि मुंबईचे आर्चबिशप व्हॅलेरियन ग्रेशियसही. ग्रेशियस गोवेकर कुटुंबातले आणि भारताचे पहिले कार्डिनल. पाच वर्षांनी रोंकाल्लींना पोप निवडणाऱ्या सभेतही ते मतदार होते.

जॉन तेविसावे स्वतः भारतात आले नाहीत. आले ते त्यांचे वारस पॉल सहावे, डिसेंबर १९६४ मध्ये, मुंबईच्या आंतरराष्ट्रीय युखरिस्ट काँग्रेस या कॅथलिकांच्या जागतिक मेळाव्यासाठी. आज वसईच्या चर्चमध्ये मराठीतून आणि गोव्यात कोकणीतून मिस्सा होतो, त्याचा उगम मात्र जॉन यांनी बोलावलेल्या परिषदेत आहे. त्याआधी वेदीवरची भाषा लॅटिन होती. भाविक आपापल्या भाषेत जपमाळ म्हणत बसत.

पोप म्हणून त्यांची निवड "तात्पुरती सोय" म्हणून झाली का?

बऱ्याच मतदारांच्या मनात तसे असावे. व्हेनिसचे प्रमुख धर्मगुरू म्हणून पाच वर्षे काढलेले रोंकाल्ली ७७ वर्षांचे व्हायला आले होते. पायस बारावे यांची कारकीर्द जवळजवळ वीस वर्षांची, त्यानंतर थोडा विसावा हवा होता. ५१ कार्डिनल मतदानाला बसले आणि अकराव्या फेरीत निर्णय लागला. मुख्य चुरस आर्मेनियन कार्डिनल अगाजानियान यांच्याशी होती. नंतर रोमच्या आर्मेनियन सेमिनरीत बोलताना जॉन म्हणाले की आमची दोघांची नावे उकळत्या पाण्यातल्या हरभऱ्यांसारखी वरखाली होत होती.

नव्या पोपसाठी तीन मापांचे पांढरे झगे शिवून ठेवलेले असतात. रोंकाल्ली इतके स्थूल की सर्वांत मोठाही बसेना. मागून उसवून, टाचण्या लावून त्यांना बाल्कनीत आणावे लागले.

नावापुढे "तेविसावे" का? आधीही एक जॉन तेविसावे होते ना?

होते, पण ते अधिकृत पोप मानले जात नाहीत. ख्रिस्तसभेत एकाच वेळी तीन जण पोपपदावर दावा सांगत होते त्या काळात बाल्दास्सारे कोस्सा यांनी हे नाव घेतले होते. १४१५ मध्ये कॉन्स्टन्सच्या परिषदेने त्यांना पदच्युत केले. तेव्हापासून सुमारे साडेपाचशे वर्षे कुणीही जॉन हे नाव घेतले नव्हते. रोंकाल्लींनी कारण साधे सांगितले: हे माझ्या वडिलांचे नाव आहे, आणि माझा बाप्तिस्मा झाला त्या चर्चचेही. पण आकडा घेताना आधीच्याचा दावा खोटा होता हे इतिहासाच्या या जुन्या अभ्यासकाने बरोबर ठरवून टाकले.

पोप झाल्यावर त्यांनी पहिल्यांदा काय बदलले?

१९४४ पासून रिकामे असलेले व्हॅटिकनच्या कारभाराचे मुख्य सचिवपद ताबडतोब भरले. दीड महिन्यात २३ नवे कार्डिनल नेमून सोळाव्या शतकापासूनची सत्तरची मर्यादा ओलांडली. १९६० मध्ये आफ्रिकेला पहिले कृष्णवर्णीय कार्डिनल मिळाले, तर जपान आणि फिलिपिन्स यांना पहिले कार्डिनल. नाताळात ते मुलांच्या रुग्णालयात गेले आणि दुसऱ्या दिवशी रोमच्या रेजिना चेली तुरुंगात. तुम्ही माझ्याकडे येऊ शकत नव्हता म्हणून मी आलो, असे कैद्यांना म्हणाले आणि आपला एक नातेवाईक परवान्याशिवाय शिकार करताना पकडला गेला होता ही आठवणही सांगितली. १९५९ च्या शुभ शुक्रवारी ज्यूंसाठीच्या प्रार्थनेतला "अविश्वासू" हा जुना शब्द त्यांनी काढून टाकायला लावला.

परिषद बोलावण्याचा विचार अचानक सुचला होता का?

ते स्वतः त्याला पवित्र आत्म्याची प्रेरणा म्हणत. माझी त्यावर श्रद्धा आहे. पण प्रेरणा तयार जमिनीवर पडली. निवडीला तीन महिनेही झाले नव्हते तेव्हा, २५ जानेवारी १९५९ रोजी, संत पॉल यांच्या बॅसिलिकात १७ कार्डिनलांसमोर त्यांनी घोषणा केली. समोर शांतता पसरली. त्यांना अभिनंदनाची अपेक्षा होती, हे त्यांनी नंतर बोलून दाखवले.

तयारी कशी केली तेही पाहावे. बिशपांना ठरावीक प्रश्नावली पाठवली नाही. तुम्हाला काय मांडायचे ते मोकळेपणाने लिहा असे कळवले, आणि दोन हजारांवर उत्तरे आली. बल्गेरियात ज्याची पत्रे अनुत्तरित राहिली त्याने जगभरच्या बिशपांकडून पत्रे मागवली, यात मला योगायोग दिसत नाही. इतर ख्रिस्ती पंथांशी बोलण्यासाठी कार्डिनल बेआ यांच्या हाताखाली स्वतंत्र सचिवालय उभे केले आणि त्या पंथांच्या निरीक्षकांना परिषदेत बसवले.

११ ऑक्टोबर १९६२ रोजी सुमारे अडीच हजार बिशपांच्या साक्षीने परिषद सुरू झाली. उद्घाटनाच्या भाषणात सतत सर्वनाशाचे भाकीत करणाऱ्यांशी त्यांनी असहमती नोंदवली आणि ख्रिस्तसभेने आता कठोरतेपेक्षा दयेचे औषध वापरावे असे सांगितले. महिन्याभराने पहिली मोठी कोंडी झाली. दैवी प्रकटीकरणावरचा, म्हणजे देव माणसाला स्वतःची ओळख कशी करून देतो यावरचा, मसुदा १,३६८ जणांना नको होता, पण फेटाळायला लागणारे दोन-तृतीयांश मत थोडक्यात हुकले. नियमाने मसुदा राहिला असता. पोपनी दुसऱ्या दिवशी हस्तक्षेप करून तो मागे घेतला आणि नव्याने लिहायला लावला. मला वाटते, परिषदेची दिशा त्या दिवशी ठरली.

मग त्यांना सुधारणावादी म्हणायचे का?

सरसकट नको. रोज जपमाळ करणारे, जुन्या वळणाच्या भक्तीत मुरलेले ते धर्मगुरू होते. फेब्रुवारी १९६२ मध्ये सेमिनरींतले शिक्षण लॅटिनमधूनच व्हावे असा आदेश त्यांनी काढला. फ्रान्समधल्या कारखान्यांत मजुरी करणाऱ्या धर्मगुरूंचा प्रयोग त्यांच्याच काळात थांबवला गेला. तो निर्णय मला आजही पटत नाही. त्यांना श्रद्धेचा गाभा बदलायचा नव्हता, ती मांडण्याची रीत बदलायची होती, आणि हा फरक त्यांनी उद्घाटनाच्या भाषणात स्पष्ट केला आहे.

क्युबाच्या पेचप्रसंगात त्यांची भूमिका काय होती?

क्युबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांवरून अमेरिका आणि सोव्हिएत संघ युद्धाच्या उंबरठ्यावर होते. २५ ऑक्टोबर १९६२ रोजी त्यांनी फ्रेंचमधून रेडिओवर दोन्ही बाजूंच्या नेत्यांना वाटाघाटीचे आवाहन केले. त्यामुळे युद्ध टळले असे म्हणणे अतिशयोक्ती होईल. पण सोव्हिएत वृत्तपत्र प्राव्दाने त्याला ठळक प्रसिद्धी दिली, ही त्या काळी नवलाची गोष्ट होती. ११ एप्रिल १९६३ चे "पाचेम इन तेर्रिस" (पृथ्वीवर शांती) हे पोपचे परिपत्र याच अनुभवातून आले. ते केवळ कॅथलिकांना उद्देशून नाही, सद्भावना असलेल्या सर्व माणसांना आहे.

त्यांचा मृत्यू कशाने झाला? परिषद त्यांनी पूर्ण केली का?

पोटाच्या कर्करोगाने. परिषदेच्या उद्घाटनाआधीच, सप्टेंबर १९६२ मध्ये निदान झाले होते. त्यांना फक्त पहिले सत्र पाहता आले. उरलेली तीन सत्रे पॉल सहावे यांनी पार पाडली आणि डिसेंबर १९६५ मध्ये परिषद संपली.

संतपद केव्हा मिळाले? सण कधी असतो?

३ सप्टेंबर २००० रोजी जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केले, २७ एप्रिल २०१४ रोजी पोप फ्रान्सिस यांनी संत. संतपदासाठी लागणाऱ्या दुसऱ्या चमत्काराची अट फ्रान्सिस यांनी माफ केली. सण ११ ऑक्टोबरला, परिषदेच्या उद्घाटनाच्या तारखेला. देह रोमच्या संत पीटर बॅसिलिकात संत जेरोम यांच्या वेदीखाली काचेच्या पेटीत आहे.

त्यांना समजून घ्यायला काय वाचावे?

"पाचेम इन तेर्रिस" आधी वाचा; लहान आहे आणि ख्रिस्ती नसलेल्या वाचकालाही अडत नाही. मग रोजनिशी, जी त्यांच्या निधनानंतर १९६४ मध्ये प्रसिद्ध झाली. सेमिनरीतली पाने सुरुवातीला जड जातात, स्वतःच्या बारीकसारीक दोषांची ती मोजदाद आहे. ती चाळून सरळ १९२५ नंतरच्या नोंदींवर या आणि सोफिया-इस्तंबूलची वर्षे सावकाश वाचा.